या पकडीला शिट्टी नाही

दोन्ही हातांच्या मुठी आवळून डोक्याच्या वर धरायच्या आणि गप्प उभं राहायचं. बास्केटबॉलच्या पंचाकडे याहून मोठी शिक्षा नाही. त्या मुठींचा अर्थ असा की, समोरचा खेळाडू या सामन्यातून गेला. त्यानं मैदान सोडायचं, बाकावरसुद्धा बसायचं नाही. लोकांना वाटतं, पंचाला ही खूण करताना मजा येत असेल. मला तरी कधी आली नाही. हात वर जाताना खांद्यावर मणभर ओझं असतं.

मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत मी खेळाचा मास्तर होतो. पंचाची परीक्षा पुण्याला जाऊन दिली आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुटीचा दिवस आला की गळ्यात शिट्टी घालून जिल्हाभर हिंडलो. एवढ्या वर्षांत त्या मुठी मी फार थोड्या वेळा वर केल्या. त्यातल्या एका वेळची हकिगत आज लिहितो आहे, कारण ती माझ्या स्वतःच्या गावात घडली. गावाचं नाव सांगत नाही. घोटावड्याच्या अंगाला आहे, एवढं पुरे. मुळशीत कोण कुणाचा पाहुणा निघेल याचा नेम नसतो, आणि या वयात मला नवीन भांडणं परवडत नाहीत.

तुम्ही विचाराल, मुळशीत आणि बास्केटबॉल? रास्त प्रश्न आहे. आमच्याकडे भात, कुस्ती आणि कबड्डी एवढंच पिकायचं. पण जवळपास कारखाने उभे राहू लागले आणि एका कारखान्यातल्या हौशी साहेबानं कामगारांसाठी दोन खांब रोवून त्यांना फळ्या आणि रिंगा लावल्या. आमच्या गावची पोरं तिथं कामाला होती. त्यांनी हा खेळ गावात आणला, देवळामागच्या पटांगणात मुरूम दाबला, फक्कीनं रेषा आखल्या आणि खेळायला लागली. खेळायला लागली म्हणजे काय, कबड्डीच खेळायला लागली, फक्त हातात चेंडू घेऊन.

त्यांचा कप्तान ज्ञानोबा. कारखान्यात फिटर, आणि कबड्डीत उजव्या कोपऱ्याचा गडी. त्याच्या पकडीतून सुटलेला माणूस तालुक्यात सांगतासुद्धा येत नव्हता. बास्केटबॉलच्या पहिल्याच सामन्यात समोरचा खेळाडू चेंडू घेऊन रिंगेकडे निघाला तसा ज्ञानोबानं त्याला कंबरेला मिठी मारली आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडलं नाही. बाकीच्यांनी हाताला हात धरून साखळी केली. पाहणारे ओरडत होते, "ठेव, ठेव!" मी शिट्टी वाजवून फाउल दिला, तेव्हा ज्ञानोबा माझ्याकडे असा पाहत राहिला की वाटावं, मी त्याचं बक्षीसच हिसकावून घेतलं. "गुरुजी, धरला की न्हाई म्या त्याला?" तो म्हणाला. धरला होता, यात वादच नव्हता.

एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो सामन्याबाहेर जातो. त्या दिवशी मध्यंतराच्या आतच आमच्या गावाकडून मैदानात दोघं उरले आणि तेही आपापला पाचवा उरकायच्या घाईत होते.

आता इथं पंचाचं काम काय असतं, ते जरा सांगायला हवं. बास्केटबॉलमध्ये धक्का लागतोच. दहा माणसं एका चेंडूमागे धावतात, अंगाला अंग लागणार. तो साधा फाउल. ज्ञानोबाची पकडही मी त्यातच धरत असे, कारण ती त्याची सवय होती, मनात पाप नव्हतं. पण कुणी मुद्दाम मारतो, ढकलतो, पाडतो, तेव्हा शिक्षा वाढते. आणि माणूस जायबंदी व्हावा अशी ती दांडगाई असेल, तेव्हा त्या दोन मुठी. अडचण एवढीच, की हेतू कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. मी शिकलो ते असं: हात कुठे लागला ते सगळे बघतात, पंचानं खेळाडूची नजर बघावी. नजर चेंडूवर असेल तर हात चुकला. नजर माणसावर असेल तर हात चुकलेला नाही.

याला अपवाद म्हणून एक गिऱ्हाईक आठवतं. पुण्याच्या एका संघात एक गोरागोमटा, अतिशय सभ्य खेळाडू होता. धक्का मारला की लगेच "सॉरी सर", पडलेल्याला हात देऊन उठवणार, पाठीवरची माती झटकणार. प्रेक्षक त्याच्यावर खूश. त्याची नजरही नेहमी चेंडूवरच. मी दोन सामने त्याच्या मागे धावलो तरी मला काही सापडेना, आणि त्याच्या आजूबाजूचे खेळाडू मात्र कोपर धरून कण्हत होते. मग एका सामन्यात मी त्याच्या अगदी जवळ उभा असताना मला "सॉरी सर" ऐकू आलं, आणि त्यानंतर धक्का लागला. माफी आधी आली होती. मी मुद्दाम केलेल्या फाउलाची खूण केली, एका हातानं आपल्याच दुसऱ्या हाताचं मनगट धरून वर. तो दुखावल्या चेहऱ्यानं म्हणाला, "सर, मी सॉरी म्हटलं होतं." मी म्हटलं, "तेवढ्यानंच घात केला तुमचा." त्यानंतर तो गडी माझ्या सामन्यांत गाईसारखा खेळला.

ज्ञानोबाच्या मंडळींवर मात्र शिट्टी वाजवून उपयोग नव्हता. हात बांधून खेळा म्हणालो तर हसायचे. शेवटी मी शाळेतून लेझमी आणल्या. बचाव करताना प्रत्येकानं दोन्ही हातांत लेझीम धरायची आणि समोरच्याच्या आडवं सरकायचं. लेझीम सोडायची नाही. लेझीम हातात असली की माणूस धरता येत नाही, आणि बाजूला सरकायचं पाऊल तर लेझमीत असतंच. आमच्या गावात ते कुणाला शिकवावं लागत नाही. महिनाभर रोज संध्याकाळी देवळामागं छमछम चालायची. बायका पाणी भरता भरता थांबून विचारायच्या, "आज कुणाची वरात हाय?" पण हळूहळू धरायची सवय सुटली. लेझीम काढून घेतली तरी ज्ञानोबा दोन्ही हात छातीशी वर धरून आडवा सरकू लागला. मला त्या दिवशी एवढा आनंद झाला की मी त्याला घरी नेऊन चहा पाजला.

फक्त एक जण लेझमीला हात लावत नव्हता. तो संपत. अंगानं तगडा, उडी अशी की चेंडू रिंगेशेजारूनच उचलायचा. तो तात्यांचा मुलगा. तात्या म्हणजे गावातले मोठे जमीनदार, जत्रेच्या पंचमंडळाचे प्रमुख आणि तरुणपणी नावाजलेले मल्ल. संपत मला म्हणाला, "मास्तर, लेझीम पोरासोरांनी खेळायची. आपल्याला न्हाई जमायचं." त्याला मास्तर म्हणणं जड जात होतं, हे मला दिसत होतं. माझं घर विहाराच्या आळीत. आमच्या वडिलांना तात्यांच्या घरून सांगावा यायचा तो लाकडं फोडायला, नाहीतर निरोप पोचवायला. बौद्ध झाल्यावर बाबांनी गावकीची सगळी कामं सोडली. जत्रेची कामंही सोडली. जत्रेतल्या कुस्त्या बघायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. पटांगणाच्या पलीकडच्या कडुनिंबाखाली बसून ते प्रत्येक कुस्तीवर आपला निकाल द्यायचे, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

त्या वर्षी पोरांनी जत्रेत बास्केटबॉलचे सामने ठेवायचं ठरवलं. आदल्या वर्षी जत्रेतल्या कुस्त्यांसाठी पुण्याहून आलेल्या एका पंचाला लोकांनी ओढ्यापर्यंत पळवलं होतं, त्यामुळे बाहेरून कुणी यायला तयार होईना आणि शिट्टी माझ्याकडेच आली. शाळेतले एक सहकारी दुसरे पंच म्हणून आले, पण त्यांनी मला आधीच सांगून टाकलं, "अवघड निर्णय तुमचे. मला लेकरंबाळं आहेत." ज्ञानोबानं मला नेऊन तात्यांपुढं उभं केलं.

तात्यांनी मला खालून वर पाहिलं. "रीत ठावं हाय न्हवं?" ते म्हणाले. "पंचाला फेटा आधी न्हाई बांधत आपण. निकाल गावाला पटला, तर खेळ संपल्यावर बांधतो. न्हाई पटला, तर पंच बोडका जातो."

ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. कुस्त्यांच्या पंचांना असाच फेटा बांधत. फेटा म्हणजे गावानं निकाल मानला. आमच्या आळीतल्या माणसाला गावानं फेटा बांधल्याचं मात्र बाबांच्या किंवा त्यांच्या वडिलांच्या आठवणीत नव्हतं. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "फेट्याच्या नादाला लागून शिट्टी वाजवू नगं." आणि लगेच म्हणाले, "पन बोडका बी येऊ नगं." या दोन सूचना एकत्र कशा पाळायच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

अंतिम सामना आमचं गाव आणि भुकूम यांच्यात लागला. कासारसाईपासून लोक आले होते. देवळाच्या भिंतीवर, बैलगाड्यांवर, झाडांवर माणसं. तात्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या शेजारी ताटात नारळ आणि गुलाबी फेटा होता. बाबा कडुनिंबाखाली, नेहमीच्या जागी.

सामना सुंदर झाला. ज्ञानोबाची पोरं अशी खेळली की मला माझ्या लेझमींचा अभिमान वाटला. पण भुकूमकडे रघू नावाचा एक बारकेला खेळाडू होता. तो पाण्यासारखा कुठूनही वाट काढायचा. संपतला तो काही केल्या आवरेना. प्रेक्षक आधी गंमत म्हणून आणि मग टोचून संपतला हसू लागले. मी ज्ञानोबाजवळ जाऊन सांगितलं, "कप्तान, तुमच्या गड्याला थंड करा." मैदानात पंचानं कप्तानाशीच बोलावं, असा माझा नियम होता. ज्ञानोबा संपतला काहीतरी बोलला. संपतनं मान फिरवली.

खेळ संपत आला तेव्हा गुण बरोबरीत होते. रघू चेंडू घेऊन निसटला, रिंगेखाली आला आणि त्यानं उडी मारली. तो पूर्ण हवेत असताना संपत मागून आला, खाली वाकला आणि त्यानं रघूचे दोन्ही पाय खालून ओढले. रघू पाठीवर आदळला. मुरुमावर माणूस आदळल्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मी संपतची नजर पाहिली होती. शिट्टी वाजली, आणि माझ्या दोन्ही मुठी वर गेल्या.

पटांगणात एकदम गलका उठला. "ए मास्तर, आपल्या गावचा हायेस का भुकूमचा?" भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "आता ही आळी आमाला भाइर काडनार व्हय?" संपत कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभा राहिला. "मी न्हाई जात," तो म्हणाला. "तू कोन मला काडनारा?"

मला भीती वाटली, हे खरंच सांगतो. पण असल्या वेळी पंचानं भांडायचं नसतं, समजावायचं नसतं, आणि मागे तर मुळीच सरकायचं नसतं. मी चेंडू काखेत घेतला आणि ज्ञानोबाकडे वळलो. "कप्तान, तुमचा गडी बाहेर न्या. तो गेला नाही, तर नियमानं सामना भुकूमचा." एवढं बोलून मी फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभा राहिलो. पाय हलू नयेत म्हणून अंगठे बुटात रोवून धरले.

ज्ञानोबा संपतजवळ गेला. "चल, संपत." संपतनं त्याला ढकललं. ज्ञानोबानं एकदा आपल्या तिघा गड्यांकडे पाहिलं. मग तो वाकला, आणि त्याची ती जुनी पकड संपतच्या कंबरेला बसली. दुसऱ्यानं घोटा धरला, तिसऱ्यानं मांडी, चौथ्यानं पाठीमागून साखळी पुरी केली. संपत तगडा होता, त्यानं झटके दिले, लाथा झाडल्या. पण त्या पकडीतून आजवर कोण सुटलं होतं? चौघांनी त्याला उचललं, रेषेपर्यंत नेलं आणि पलीकडे अलगद ठेवलं.

आमचं गाव मुळात कबड्डीचं. अशी पकड बघून टाळी न देणं त्याला जमतच नाही. आधी झाडावरची पोरं, मग भिंतीवरची माणसं आणि मग सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. जो मघाशी आळीवर बोलला होता, तोही वाजवत होता.

ज्ञानोबा धापा टाकत माझ्याजवळ आला. "गुरुजी," तो म्हणाला, "ही पकड फाउल धरनार का?"

"या पकडीला शिट्टी नाही," मी म्हणालो.

रघू उठला. कोपर सोललं होतं, पण हाड शाबूत होतं. त्यानं दोन्ही फ्री थ्रो रिंगेत टाकले. उरलेला वेळ आमच्या पोरांनी जीव तोडून खेळ केला. हात छातीशी वर, अदृश्य लेझमी धरल्यासारखे, आणि एकही फाउल नाही. गुण काही मिळाला नाही. भुकूमनं सामना जिंकला.

आता फेटा. गाव हरलं होतं, गावचा उमदा गडी बाहेर काढला गेला होता, आणि फेटा बांधायचा तो त्या गड्याच्या बापानं. मी पायऱ्यांसमोर जाऊन उभा राहिलो. शिट्टी अजून मुठीतच होती. माणसं गोळा झाली. तात्या खुर्चीतून उठले नाहीत.

"मास्तर," ते म्हणाले, "पोरानं चुकून पाडला, का मुद्दाम?"

"मुद्दाम, तात्या."

"कशावरनं?"

मी माझं नजरेचं शास्त्र सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि गर्दीकडे वळले. "मी सांगतो कशावरनं. बॉल वर हुता. संपत खाली वाकला. ह्यो पट काडायचा डाव हाय, म्याच शिकिवला त्याला. पन पट काडायचा तो जिमिनीवर पाय असलेल्या गड्याचा. हवेतल्या मान्साचा पट काडनारा पैलवान म्या बगितला न्हाई, आन् बगितला असता तर तालमीत घेतला नसता."

मग ते उठले. फेटा त्यांनी स्वतः बांधला आणि रागानं एवढा आवळला की माझ्या कानशिलावर दोन दिवस वळ होता. नारळ हातात देताना हळू आवाजात म्हणाले, "फुडच्या साली त्याला बी तुज्या त्या लेझमी दे." दिल्या. संपतनं सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, पण पावसाळा सरल्यावर एका संध्याकाळी तो येऊन रांगेत उभा राहिला आणि त्यानं लेझमीसाठी हात पुढं केला. पुढं तो तालुक्यातला सगळ्यात स्वच्छ बचाव करणारा खेळाडू झाला. आजही भेटला की आधी "सॉरी सर" म्हणतो आणि मग पाठीत धपाटा घालतो. पुण्याच्या त्या गिऱ्हाइकाची गोष्ट मीच त्याला सांगितली, त्याचं हे फळ.

खंत एकच आहे. ते पटांगण आता राहिलं नाही. तिथं भाड्यानं द्यायच्या खोल्या उठल्या आहेत, ज्ञानोबाच्या नातवांना चेंडू उडवायला जागा नाही, आणि माझ्या लेझमी शाळेच्या कुठल्या कोपऱ्यात गंजल्या कुणास ठाऊक. जीव हळहळतो. पण झालं ते कुणाला पुसता येणार नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बाबा माझ्या आधी पोचले होते. मी फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. "नगं," ते म्हणाले. "तुजी शिट्टी, तुजा फेटा. जरा वाकडा बांदलाय, पन ऱ्हाऊ दे. सकाळी एष्टीला जाताना घालून चल. मी येतो सोडायला."

एसटीच्या थांब्याला जायला आमच्या आळीतून ओढ्याकाठची जवळची वाट होती. बाबांनी आयुष्यभर तीच वापरली. सकाळी मी सवयीनं तिकडं वळलो, तर बाबा म्हणाले, "हिकडनं." आणि धोतराचा सोगा हातात धरून ते चावडीच्या रस्त्यानं निघाले, तात्यांच्या दारावरून, देवळापुढून, सगळं गाव तोंड धूत होतं त्याच्या मधून. कुणी राम राम घातला, कुणी "मास्तर, लई बेस झालं" म्हणालं. बाबा कुणाकडे बघत नव्हते. फेटा माझ्या डोक्यावर होता, पण पुढं ते चालत होते. इतक्या सावकाश, की माझी एसटी चुकली, आणि थांब्यावर पोचल्यावर ते म्हणाले, "चुकली व्हय? मग चल, परत एकदा जाऊन येऊ."